अहवाल लाल, महाधमनी तेवढीच : मायक्रोआरएनए चाचणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कळव्यात राहणाऱ्या ६९ वर्षांच्या एका गृहस्थांचे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून ते फिटर म्हणून निवृत्त झाले. ओपीडीत सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हणतो. त्यांची आणि कुटुंबाची परवानगी घेतलेली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; मापे आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणाचा सगळा अर्थ त्या मापांमध्येच दडलेला आहे.

काकांना रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे, म्हणून त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. अहवालात प्रोस्टेटच्या मापांखाली एक ओळ होती : मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खालच्या भागात महाधमनी रुंदावलेली, ४.६ सेंटिमीटर. काकांना पोटात काहीही जाणवत नव्हते. हा आजार बहुधा असाच, दुसरेच काही शोधताना सापडतो. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी एकदा या तपासणीसाठी बोलावले जाते. आपल्याकडे तसा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, त्यामुळे एखाद्या दक्ष सोनोलॉजिस्टने लिहिलेली एक जादा ओळ हीच आपली तपासणी मोहीम ठरते.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी; पोटातील महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद झाली की त्या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. हा फुगवटा वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि फुटला तर अनेक जण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात. वाढते वय, पुरुष असणे, उच्च रक्तदाब, घराण्यात हा आजार असणे आणि सगळ्यांत ठळकपणे तंबाखूचे धूम्रपान ही त्याची कारणे मानली जातात. काका ४५ वर्षे बिडी ओढत होते, दिवसाला पंधरा-वीस. थोरल्या भावाबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "गावी होता. रात्री पोटात-कमरेत कळ आली म्हणून उठून बसला आणि पहाटेपर्यंत गेला. सगळे म्हणाले, गॅस हृदयावर चढला." शवविच्छेदन झाले नव्हते, त्यामुळे त्या मृत्यूचे कारण कधीच कळणार नाही, पण ती हकीकत मी केसपेपरवर लिहून ठेवली.

पहिल्या भेटीत मी बिडी पूर्ण बंद करायला सांगितले, रक्तदाबाची गोळी नीट बसवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची असे ठरवले.

अडचण

काकांची मुलगी जैवतंत्रज्ञानाची पदवीधर आहे आणि नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचे काम करते. वडिलांचे निदान कळल्यावर तिने रात्री जागून शोधनिबंध वाचले आणि रक्तातील मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांवर अंकुश ठेवणारे आरएनएचे आखूड तुकडे, मोजून ॲन्युरिझमचा धोका सांगणारी चाचणी एका खासगी प्रयोगशाळेत होते, हे शोधून काढले. चाचणी करण्याआधी तिने मला फोन केला होता. संध्याकाळच्या ओपीडीची गर्दी होती. "करायला हरकत नाही, रक्ताचीच तर तपासणी आहे," असे मी म्हणालो. या एका वाक्यापाशी मी पुढे परत येणार आहे.

मे महिन्यात घरी येऊन नमुना नेला गेला. दहा दिवसांनी अहवाल आला. त्यात हिरव्यापासून लाल रंगापर्यंत जाणारी एक पट्टी होती, बाण लाल भागात होता आणि शेजारी 'उच्च धोका' असे छापलेले होते. घाबरून कुटुंबाने सहा महिन्यांची वाट न पाहता, पहिल्या तपासणीनंतर चार महिन्यांनीच, वाशीतील दुसऱ्या केंद्रात सोनोग्राफी करून घेतली. तिचे माप आले ५.१ सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब माझ्यासमोर बसले होते. तिन्ही कागद टेबलावर मांडून मुलगी म्हणाली, "डॉक्टर, चार महिन्यांत अर्धा सेंटिमीटर वाढलंय आणि रक्तातही लाल आलंय. आता बाबांचं ऑपरेशन लगेच करून टाकूया ना?" काका इतका वेळ गप्प होते. त्यांनी एवढेच विचारले, "फुटणार आहे का ते?"

प्रश्न रास्त होता. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर किंवा वर्षात एक सेंटिमीटर वाढ ही वेगाने होणारी वाढ समजली जाते, आणि तशी वाढ असेल तर एरवीच्या मर्यादेआधी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. दोन स्वतंत्र मार्गांनी आलेली माहिती एकमेकींना दुजोरा देत आहे असे वरकरणी दिसत होते. ती खरोखर स्वतंत्र होती का आणि खरोखर दुजोरा देत होती का, हे तपासणे हाच या प्रकरणाचा गाभा ठरला.

मायक्रोआरएनए आणि महाधमनीची भिंत

मुलीच्या वाचनात चूक नव्हती. मायक्रोआरएनए आणि हा आजार यांचा संबंध खरा आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय तिच्या अहवालाला उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

पेशीतील जनुकाचा संदेश आरएनएच्या रूपाने बाहेर येतो आणि त्यावरून प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए हे सुमारे २२ घटकांचे अगदी आखूड तुकडे असतात. ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत. जुळणाऱ्या संदेशावर जाऊन बसतात आणि त्याचे प्रथिनात रूपांतर रोखतात किंवा तो संदेशच नष्ट करवतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत याचा पहिला नमुना दाखवला, आणि त्यासाठी त्यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर एकाच वेळी अंकुश ठेवू शकतो. त्याचे सामर्थ्य त्यात आहे आणि त्याचा अर्थ लावण्यातली अडचणही त्यातच आहे.

महाधमनीच्या भिंतीत इलास्टिनचे लवचीक पदर, कोलाजनचे मजबूत धागे आणि त्यांना सांभाळणाऱ्या स्नायूपेशी असतात. फुगवटा येतो तेव्हा इलास्टिन तुटते, स्नायूपेशी मरतात किंवा आपले आकुंचनाचे काम सोडून देतात, दाहाच्या पेशी भिंतीत शिरतात आणि एमएमपी-२ व एमएमपी-९ ही विकरे धागे कुरतडू लागतात. या प्रत्येक पायरीवर कुठला ना कुठला मायक्रोआरएनए काम करताना आढळला आहे. मिर-१४३ आणि मिर-१४५ ('मिर' हे मायक्रोआरएनएचे लघुरूप, पुढचा आकडा त्याची ओळख) स्नायूपेशींना त्यांच्या मूळ कामावर टिकवून धरतात. मिर-१५५ दाह वाढवण्याशी जोडलेला आहे. मिर-२४ दाहाला आवर घालतो, असे २०१४ मध्ये उंदरांवरील कामातून पुढे आले.

काकांच्या अहवालात सर्वाधिक वजन दोघांना दिले होते : मिर-२१ वाढलेला आणि मिर-२९बी घटलेला, म्हणून धोका उच्च. या दोघांची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण अहवालाच्या तर्कातील खाच येथेच आहे.

स्टॅनफर्ड येथील लार्स मेगडेफेसेल, फिलिप त्साओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या दोन्हींवरचे काम प्रसिद्ध केले. ॲन्युरिझम असलेल्या उंदरांत आणि माणसांच्या ऊतीतही मिर-२१ वाढलेला त्यांना दिसला. पण उंदरांत तो मुद्दाम आणखी वाढवला तेव्हा फुगवट्याची वाढ मंदावली, आणि तो दाबला तेव्हा फुगवटा अधिक वाढला. म्हणजे मिर-२१ ची वाढ हा आजाराचा हात नसून शरीराने केलेला बचाव असावा. मिर-२९बी चेही तसेच. तो कोलाजन आणि इलास्टिनच्या संदेशांना दाबतो. फुगवट्यात तो घटलेला आढळला, आणि औषधाने तो आणखी घटवला तेव्हा कोलाजन वाढून उंदरांच्या फुगवट्याची वाढ मंदावली. येथेही घट हा शरीराचा भिंत सावरण्याचा प्रयत्न दिसतो.

हे काकांच्या कुटुंबाला समजावताना मी ठाण्यातल्या पावसाळ्याचे उदाहरण दिले. ज्या सखल भागात पाणी तुंबते तेथे महापालिका पंप लावते. पंप जास्त दिसले म्हणजे त्या भागात पाण्याचा त्रास आहे एवढे कळते. पंपांमुळे पाणी तुंबले असे कोणी म्हणत नाही, आणि नुसते पंप मोजून उद्या तेथे किती पाणी साचेल हेही सांगता येत नाही. रक्तात मिर-२१ वाढलेला असेल तर भिंतीत काहीतरी चालू आहे, इतपत कदाचित म्हणता येईल. ते आम्हाला सोनोग्राफीने आधीच ठाऊक होते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. माणसांच्या भिंतीचे तुकडे मिळतात ते पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतून, म्हणजे फुगवटा मोठा झाल्यावर. तुलनेसाठी घेतलेली महाधमनी बहुधा अवयवदात्याची असते. ४.६ सेंटिमीटरच्या माणसाच्या भिंतीत आज काय चालले आहे, हे त्या तुकड्यांतून थेट कळत नाही. आणि उंदरांतील फुगवटा काही आठवड्यांत घडवला जातो, एकतर महाधमनीत इलास्टेज हे विकर भरून, नाहीतर त्वचेखालच्या पंपातून अँजिओटेन्सिन-२ देऊन. दुसऱ्या पद्धतीत तो मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर येतो, तर माणसात बहुतेक वेळा त्यांच्या खाली. या संशोधनाला मी कमी लेखत नाही. ते मला फार मोलाचे वाटते, कारण फुगवट्याची वाढ थांबवणारे एकही सिद्ध औषध आज आमच्या हाती नाही आणि ते सापडले तर बहुधा याच वाटेने सापडेल. मात्र मायक्रोआरएनएवर आधारलेले कोणतेही औषध आजवर बाजारात आलेले नाही. कर्करोगासाठी मिर-३४ए ची नक्कल देणारी एमआरएक्स-३४ ची चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कुटुंबाच्या मनातला होता : लगेच शस्त्रक्रिया. त्याविरुद्ध भक्कम पुरावा होता. ब्रिटनमधील चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, ४.० ते ५.५ सेंटिमीटरच्या १,०९० रुग्णांपैकी काहींवर लगेच शस्त्रक्रिया केली आणि काहींवर फक्त लक्ष ठेवले. आयुर्मानात लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतील ॲडम चाचणीनेही २००२ मध्ये १,१३६ रुग्णांत तेच दाखवले, आणि लक्ष ठेवलेल्या गटात फुटण्याचे प्रमाण वर्षाला १ टक्क्याहूनही कमी होते. पुरुषांसाठी ५.५ सेंटिमीटरची मर्यादा यातूनच आली आहे. या चाचण्यांतही वेगाने वाढणाऱ्या फुगवट्यांना शस्त्रक्रियेची वाट मोकळी होती, म्हणून काकांची वाढ खरी आहे का, हा प्रश्न टाळता येत नव्हता.

दुसरा पर्याय औषधांचा. मुलीने डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दल विचारले, कारण ते एमएमपी विकरांना रोखते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षे डॉक्सिसायक्लिन देऊनही लहान फुगवट्यांची वाढ कमी झाली नाही, म्हणून ते दिले नाही. मधुमेहींमध्ये फुगवटा हळू वाढतो असे वारंवार आढळल्याने मेटफॉर्मिनची तपासणी चालू आहे. काकांना मधुमेह नव्हता, तोही विषय तेथेच थांबला.

तिसरा पर्याय मायक्रोआरएनए चाचणी दर तीन महिन्यांनी करत राहण्याचा, जो अहवालाच्या शेवटी सुचवला होता. चौथा, सगळी मापे पुन्हा एका पद्धतीने घेण्याचा आणि मगच बोलण्याचा.

निर्णय आणि कृती

आम्ही चौथा मार्ग धरला. दोन्ही केंद्रांकडून अहवालाऐवजी प्रतिमा मागवल्या आणि रेडिओलॉजिस्टसोबत एका पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या.

पहिल्या केंद्रातील प्रतिमेवर मापाच्या दोन खुणा भिंतीच्या आतल्या कडेवर होत्या. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचे ते माप होते. दुसऱ्या केंद्रात खुणा बाहेरच्या कडेवर होत्या. केवळ एवढ्याने तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय काकांची महाधमनी खाली उतरताना डावीकडे वळली होती आणि दुसऱ्या प्रतिमेतील छेद तिरका गेला होता. काकडी तिरकी कापली की चकती लांबट दिसते, तसेच ते चित्र गोल नसून लांबट होते. रेडिओलॉजिस्टने पहिल्या प्रतिमेवर खुणा बाहेरच्या कडेवर सरकवल्या तेव्हा आकडा ४.९ झाला. त्यानंतर काकांचे क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन, केली आणि धमनीच्या अक्षाशी काटकोनात माप घेतले : ४.९ सेंटिमीटर. चार महिन्यांत पाच मिलिमीटर वाढलेला फुगवटा प्रत्यक्षात जवळजवळ हललेलाच नव्हता.

आता लाल पट्टीचा प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर मी नाही, मुलीने शोधले. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत कच्चे आकडे होते. तिने त्यातले मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांच्यातील अंतर काढले. मिर-४५१ए तांबड्या रक्तपेशींत ठासून भरलेला असतो, तर मिर-२३ए वर पेशी फुटण्याचा परिणाम फारसा होत नाही; म्हणून हे अंतर सात-आठच्या पुढे गेले की नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या असे धरतात. काकांच्या नमुन्यात ते आठच्या वर होते. मग तिला आठवले : नमुना घेणाऱ्या मुलाला शीर सापडली नव्हती, बारीक सुईने दोनदा टोचून त्याने हळूहळू रक्त ओढले होते, दुपारी एक वाजता ती नळी त्याच्या बॅगेत गेली आणि आणखी चार घरे फिरून संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचली. मे महिन्यातली दुपार, स्कूटर आणि ठाणे-बेलापूर रस्ता. "मी आमच्या लॅबमध्ये असं सॅम्पल स्वीकारलंच नसतं," ती म्हणाली, "पण बाबांच्या रिपोर्टवर लाल दिसलं आणि मी मागचं पान उलटलंच नाही."

तिच्या समाधानासाठी, आणि खरे सांगायचे तर माझ्याही, नमुना पुन्हा घेतला. रुग्णालयात मोठ्या शिरेतून, ईडीटीएच्या नळीत. ईडीटीए आणि हेपरिन दोन्ही रक्त गोठू देत नाहीत; हेपरिन मुद्दाम टाळले, कारण ते मायक्रोआरएनए मोजण्याच्या पुढच्या पीसीआर प्रक्रियेत अडथळा आणते. अर्ध्या तासात दोनदा सेंट्रिफ्यूज केले, म्हणजे प्लाझ्मात प्लेटलेट्स राहू नयेत. नळीत वर आलेला प्लाझ्मा फिकट गवती रंगाचा होता. पहिल्या नमुन्याच्या नोंदीत 'गुलाबीसर' असे लिहिलेले होते. या वेळी बाण पिवळ्या भागात आला, 'मध्यम धोका'. माणूस तोच, धमनी तीच, आणि धोका दोन आठवड्यांत बदलला. दुसऱ्या निकालावरही मी विश्वास ठेवू शकत नव्हतो. मधल्या काळात मी काकांना ॲस्पिरिन आणि स्टॅटिन सुरू केले होते, हृदयविकाराच्या धोक्यासाठी. आणि रक्तातील अनेक मायक्रोआरएनए प्लेटलेट्समधून येत असल्याने प्लेटलेट्सना रोखणाऱ्या औषधांनी त्यांची पातळी बदलते. दर तीन महिन्यांनी चाचणी करत राहण्याचा पर्याय आम्ही येथे सोडून दिला.

या धावपळीत एक खरी महत्त्वाची गोष्ट निसटता निसटता राहिली. काकांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता आणि त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलेले होते. प्रिस्क्रिप्शन फाईलमध्येच होते, पण आम्ही सगळे मायक्रोआरएनएच्या पानांवर वाकलो होतो. या गटाची प्रतिजैविके महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना शक्यतो देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिलेला आहे. औषधाचा दुसरा डोस घेऊन झाल्यावर आमच्या परिचारिकेने ते पाहिले आणि विचारले. फॅमिली डॉक्टरांशी बोलून कल्चरप्रमाणे दुसऱ्या गटातले औषध दिले.

दुसरी गोष्ट बिडीची. काकांनी पहिल्या भेटीनंतर ती "जवळजवळ" सोडली होती, म्हणजे दिवसाला चार-पाच. लाल अहवाल आल्यावर ते पुन्हा दहावर गेले होते, घाबरून. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचा फुगवटा अधिक वेगाने वाढतो, हे मोठ्या पाहणींत स्पष्ट दिसते, आणि रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेली ही एकमेव गोष्ट आहे. आम्ही निकोटिनच्या गोळ्या दिल्या, काकूंना सोबत बसवले आणि दर पंधरवड्याला फोन ठरवला. अडीच महिन्यांनी बिडी सुटली ती कायमची.

तिसरी, भावंडांची. थोरल्या भावाच्या मृत्यूची हकीकत माझ्या केसपेपरवर पहिल्या दिवसापासून होती. जवळच्या नात्यात हा आजार असेल तर भावंडांनी एकदा सोनोग्राफी करावी, हे मी सांगितले ते पाच महिन्यांनी. ऐरोलीत राहणाऱ्या ६४ वर्षांच्या धाकट्या भावाची महाधमनी ३.४ सेंटिमीटर निघाली.

परिणाम

त्यानंतरची सगळी मापे एकाच केंद्रात, एकाच रेडिओलॉजिस्टने, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घेतली. सहा महिन्यांनी ५.०, वर्षाने ५.२, दीड वर्षाने ५.४ आणि एकविसाव्या महिन्यात ५.५. सीटीवर ५.६. आता शस्त्रक्रियेबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती आणि, मला विशेष वाटले ते हे की, भीतीही पूर्वीइतकी नव्हती. काकांच्या वहीत आकड्यांची रांग होती, आणि हा दिवस कुठल्या आकड्याला येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते.

पोट उघडून कृत्रिम धमनी बसवायची की जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी) सरकवायचा, हा शेवटचा निर्णय. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे दाखवलेली दुसरी पद्धत आता रुळलेली आहे. ब्रिटनच्या चाचणीत, २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, ३० दिवसांतील मृत्यू स्टेंट ग्राफ्टमध्ये १.७ टक्के तर उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते. पुढे काही वर्षांत हा फरक मिटतो आणि स्टेंट ग्राफ्टवर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. काकांच्या फुफ्फुसांची अवस्था बिडीने फारशी चांगली ठेवली नव्हती आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांखालचा निरोगी भाग ग्राफ्ट धरून ठेवण्याइतका लांब होता. स्टेंट ग्राफ्ट ठरला. चौथ्या दिवशी ते घरी गेले. महिन्याभराने सीटीवर एका छोट्या फांदीतून फुगवट्यात मागे येणारी रक्ताची गळती दिसली. ती तशीच पाहत राहिलो आणि सहा महिन्यांच्या तपासणीत ती बंद झाली होती. वर्षाने फुगवटा ५.२ पर्यंत आकसला होता.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी तो फोन. "हरकत नाही" असे म्हणताना मी असे गृहीत धरले होते की रक्ताच्या तपासणीने नुकसान होत नाही. निकाल लाल आला तर आपण काय बदलणार आणि हिरवा आला तर काय बदलणार, हे दोन प्रश्न मी त्या क्षणी विचारायला हवे होते. दोन्हींचे उत्तर 'काहीच नाही' असे होते, कारण ५.५ ची मर्यादा मायक्रोआरएनएने ना वर सरकते ना खाली. हिरवा अहवाल तर अधिक घातक ठरला असता. काकांनी बिडीचा बंडल निर्धास्तपणे खिशात ठेवला असता.

दुसरे, मापाची पद्धत पहिल्याच दिवशी फाईलवर लिहून द्यायला हवी होती : कोणती कड, कोणता छेद, कोणते केंद्र. आता आम्ही प्रत्येक रुग्णाला ती चिठ्ठी देतो. पहिल्या ४.६ वर विसंबून मी सहा महिन्यांची मुदत दिली, तेही पद्धत न विचारताच.

तिसरे, मुलीच्या ज्ञानाचा मी सुरुवातीला उपयोगच करून घेतला नाही. ती घाबरलेली नातेवाईक आहे असे समजून मी तिला समजावत राहिलो. कच्चे आकडे वाचू शकणारी त्या खोलीतली एकमेव व्यक्ती ती होती, आणि पहिल्याच भेटीत "शेवटचे पान पाहूया" असे मी म्हटले असते तर तीन आठवड्यांची घालमेल वाचली असती.

आणि एक गोष्ट प्रयोगशाळांना उद्देशून. संशोधनाच्या टप्प्यावरची चाचणी रुग्णाला पैसे घेऊन, निदान म्हणून विकणे मला अयोग्य वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनासाठीच्या खर्चाचा भार सहभागी व्यक्तीवर पडू नये असे सांगितले आहे. काकांचा नमुना नैतिक समितीने मंजूर केलेल्या अभ्यासात, संमतीने आणि विनामूल्य गेला असता तर त्या फिकट प्लाझ्माचा कोणाला तरी खरा उपयोग झाला असता. शंभर काकांचे नमुने एका पद्धतीने घेऊन पाच वर्षे त्यांची मापे जोडत गेले तर मिर-२१ पुढची वाढ सांगतो की नाही हे कळू शकेल. काकांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मग घ्या की डॉक्टर, माझं रक्त कुठे पळून चाललंय." तसा अभ्यास आमच्याकडे आज चालू नाही. त्यांची तयारी मी केसपेपरवर नोंदवून ठेवली आहे.

धाकटे भाऊ आता वर्षातून एकदा येतात. काका त्यांना लोकलने ऐरोलीहून ठाण्याला घेऊन येतात आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेर वही उघडून बसतात. गेल्या खेपेचा आकडा ३.५ होता, त्यापुढे काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, "बाहेरून बाहेर."